बाळंतपण अंगातून जात नाय

नाताल सिस्टर कुठल्याही बाईचं तोंड मागाहून बघायच्या, आधी पाय. प्रसूतिगृहाच्या जिन्यात, रस्त्यात, बाजारात, कुठंही. एकदा परळच्या नाक्यावर आम्ही दोघी चहाची पूड घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीशी एक कोळीण टोपली उतरवून टेकली होती. सिस्टर वाकल्या, तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला आणि पडलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत राहिल्या.

"काय गो बाय, पाय इकत घेतंस काय?" कोळीण म्हणाली.

सिस्टर हसल्या नाहीत. "पोरं किती झाली तुला? पोटुशी असताना सुजली होतीस काय? पोर दिवस भरून झालं, की आधीच?"

कोळणीनं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. सिस्टर तिच्यामागून चार पावलं गेल्या. मग परत आल्या, पण लक्ष तिकडंच. चहाची पूड मीच घेतली.

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते. गिरणगावातल्या एका लहान प्रसूतिगृहात मला पहिली नोकरी मिळाली होती. खाली बाह्यरुग्ण विभाग, वर वीस खाटा, मागे धुणं वाळत घालायचं अंगण. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. रोज एक सभा, रोज एक मोर्चा, भिंती घोषणांनी भरलेल्या. नाताल सिस्टर तिथल्या सगळ्यांत जुन्या मिडवाइफ. पंचेचाळिशीच्या, उंच, हाडकुळ्या, सावळ्या. पायांत कॅनव्हासचे बूट. जन्म नाताळच्या दिवसांतला म्हणून नाव नाताल. गिरगावातल्या एका वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारं ख्रिस्ती कुटुंब. कुणी मुंबई कुणाची यावर वाद घालायला लागलं की त्या म्हणायच्या, "सगळे भांडतात. माझ्या आजीला कोणी विचारलं नाय."

स्वस्थपणा त्यांच्या अंगात मुळी नव्हताच. डबा उघडायच्या, दोन घास खायच्या, काहीतरी आठवायचं आणि उठायच्या. झाकण न लावलेला डबा मग दुपारभर टेबलावर पडलेला असे. बोलता बोलता खिडकीशी जायच्या, परत यायच्या, कुणाच्या तरी खाटेची चादर ओढून सारखी करायच्या. नव्या नर्सेस वैतागायच्या. मीही वैतागायचे. त्यांच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी आपलंच काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटायला लागे.

पाळी संपली की त्या घरी जात नसत. लाकडी पेटीतलं प्रेशर मोजायचं पाऱ्याचं यंत्र काखेत मारायच्या आणि चाळी चढायला लागायच्या. लालबाग, काळाचौकी, डिलाइल रोड. कुठं जाता, असं मी सुरुवातीला विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझ्या सुजलेल्या बाया बघायला."

त्यांचं म्हणणं असं होतं. गरोदरपणात काही बायका सुजतात, त्यांचं प्रेशर चढतं. लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली की तिच्यात दुधासारखा साका धरतो. काहींना झटके येतात. आम्ही याला टॉक्सिमिया म्हणायचो. माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की मूल आणि वार बाहेर आली की आजार संपतो. सिस्टरांना ते पटत नव्हतं. त्यांनी ज्या बायकांची अशी बाळंतपणं केली होती त्यांतल्या काही पाच, आठ, दहा वर्षांनी त्यांना पुन्हा दिसत होत्या. जिना चढताना धापा टाकणाऱ्या, तिशीतच प्रेशरनं डोकं धरून बसणाऱ्या. काही दिसतच नव्हत्या. "कुठं गेली?" विचारलं की शेजारीण सांगायची, "गेली." कशानं, ते धड कुणालाच ठाऊक नसे.

"बाळंतपण अंगातून जात नाय डाक्टर," त्या म्हणायच्या. "पोर जातं बाहेर. ते आत कुठंतरी बसून राहतं."

"सिस्टर, हे पुस्तकात नाही."

"मग पुस्तक लिहिणाऱ्यानं चाळी चढल्या नाय."

आज हे पुस्तकांत आहे. अशी प्रत्येक बाई हृदयविकारानं जाते असं मुळीच नाही, पुष्कळ जणी धडधाकट म्हाताऱ्या होतात. पण ज्यांचं गरोदरपणात प्रेशर चढलं, ज्यांचं मूल दिवसांआधी किंवा फार लहान जन्मलं, त्यांच्या हृदयाकडं पुढं आयुष्यभर लक्ष ठेवायला हवं, हे आता आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. शिकवताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. कारण मला ते आधीच सांगितलं गेलं होतं आणि मी ऐकून घेत होते, एवढंच. मानत नव्हते.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. वाडीतलं लाकडी जिन्याचं घर, बाहेर क्रूस, आत भाऊ, भावजय आणि सोळा-सतरा वर्षांची एक भाची. भावजयीनं फुगे तळले होते, ते पिठाचे गोल, पोकळ, हलके. सिस्टर माझ्या पानात वाढायच्या आणि स्वतः उभ्या उभ्याच खायच्या. भाची पाणी आणायला आत गेली तेव्हा मी सहज विचारलं, "ही भावाची मुलगी का?"

"बहिणीची. मोनीची."

मोनी त्यांची धाकटी बहीण. तिची दोन्ही बाळंतपणं सिस्टरांनीच केली होती. या मुलीच्या वेळेला ती सुजली, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तीन दिवस सिस्टर तिच्या उशाशी बसल्या आणि दोघी वाचल्या. सगळ्या वाडीनं नाताल सिस्टरांचं नाव काढलं. दुसऱ्या वेळेला पुन्हा तेच, मूल मात्र राहिलं नाही. त्यानंतर पाच वर्षांनी मोनी कपडे धुता धुता म्हणाली, पाठीत जड वाटतंय.

"मी तिथंच होते," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हटलं, वाकून वाकून झालं असेल, तेल चोळते. आणि चोळलं. चांगलं अर्धा तास चोळलं. मग ती म्हणाली, बरं वाटतंय गं, आणि आडवी झाली." त्यांनी टेबलावरचा चमचा उचलला, पुसला, परत ठेवला. "एकोणतीस वर्षांची होती. डाक्टरनं लिहिलं अपचन. भावजय म्हणाली, नजर लागली. मी काय म्हणाले ते कोणी विचारलं नाय."

"काय म्हणाला होतात?"

"काय नाय. मला तरी कुठं ठाऊक होतं तेव्हा. नंतर एकेक बाई आठवायला लागले."

भाची पाणी घेऊन आली. सिस्टरांनी विषय बदलला नाही, नुसत्या उठून गॅलरीत गेल्या. तिथून खालच्या कुणाला तरी ओरडून सांगायला लागल्या की भर उन्हात पोराला उघडं फिरवू नकोस.

त्याच हिवाळ्यात गोळीबार झाला. जानेवारीत लालबाग-परळला संचारबंदी लागली. सिस्टरांना गिरगावला जाता येईना, मला दादरला. दोन दिवस आम्ही प्रसूतिगृहातच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या दारावर थापा पडल्या. शेवंता परब नावाची मुलगी गल्लीबोळांतून लपत आली होती. दम लागलेला.

"सिस्टरबाय, वयनीच्या छातीत कायतरी होता हा. बेगीन चला."

वयनी म्हणजे यशोदा परब. मालवणकडची, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. आठ वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण सिस्टरांनी केलं होतं. तेव्हा ती इतकी सुजली होती की हातातल्या बांगड्या कापून काढाव्या लागल्या, आणि मूल सातव्या महिन्यातच झालं. तेव्हापासून वर्षातून दोनदा सिस्टर तिचं प्रेशर मोजून येत, आणि दर वेळी ते थोडं वर सरकलेलं असे. गेला महिनाभर जिने चढताना तिच्या जबड्यात कळ यायची, डावा खांदा जड व्हायचा. गिरणीच्या दवाखान्यात तिला सोडा दिला होता. चाळीखालच्या डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं आणि सांगितलं, मोर्च्यांत ओरडत जाऊ नका, नसा कमजोर झाल्यात. तिचा नवरा आठवड्यापूर्वी सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता.

आमच्याजवळ रुग्णांसाठी आसपास फिरायचे दवाखान्याचे पास होते. आम्ही गेलो. यशोदा ट्रंकेला टेकून बसली होती. जानेवारीतल्या सकाळी तिचा चेहरा घामानं निथळत होता.

"माका काय्येक जावक नाय," ती म्हणाली. "जरा जीव घाबराघुबरा होता, इतक्याच."

मी नाडी धरली. तीन ठोके पडायचे, चौथा गळायचा. सिस्टरांनी पट्टा बांधला. पारा दोनशेच्या वर गेला. तरीही मी मनात म्हणत होते, गॅस असेल, भीती असेल, नवरा तुरुंगात आहे. बत्तीस वर्षांची बाई. माझ्या पुस्तकात हृदयाचा झटका पन्नाशीच्या पुरुषाला यायचा, भरपेट जेवणानंतर, आरामखुर्चीत.

"इस्पितळात न्यायचं," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता."

"सिस्टर, बाहेर गोळ्या चालल्यात. थोडा वेळ वाट बघू. पडून राहिली तर..."

"मोनी पडूनच राहिली होती."

चाळीखाली एका केळीवाल्याची हातगाडी उलटी करून ठेवलेली होती. पुरुष रस्त्यावर दिसला तर गोळी खाईल म्हणून सिस्टरांनी मदतीला आलेल्या पुरुषांना जिन्यातच थांबवलं. गाडी सरळ केली, यशोदाला गोधडीत गुंडाळून वर निजवलं, आणि सिस्टर, शेवंता आणि मी अशा तिघींनी गाडी ढकलायला सुरुवात केली. रस्त्यात दगड, काचा, जळक्या टायरचा वास. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बंद, पण प्रत्येक फटीतून कुणीतरी बघत असल्याचं जाणवत होतं. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं. तेवढाच आवाज.

नाक्यावर बंदूकवाल्या शिपायानं अडवलं.

"कर्फ्यू हाय. कळत न्हाई व्हय?"

मी पास दाखवला. "हिच्या छातीत दुखतंय. इस्पितळात न्यायचंय."

त्यानं गाडीवर वाकून पाहिलं. "छातीत? अवो ही तर तरणी बाई हाय. सोडा पाजा आन्‌ घरी न्या. पास तुमचा हाय, तिचा न्हाई."

मी काहीतरी इंग्रजी-मराठीत बोलायला लागले. सिस्टरांनी मला कोपरानं बाजूला सारलं. गोधडी ओढून यशोदाच्या पोटावर फुगवून घेतली आणि ओरडल्या, "बाळंतीण होतेय रे बाबा! इथं रस्त्यात पोर झालं तर तू धरशील काय? धर मग! बंदूक ठेव खाली, हात धू!"

शिपाई दोन पावलं मागं सरला. त्याचं तोंड अगदी पोरासारखं झालं. "जावा, जावा," म्हणाला, आणि पुढच्या नाक्यापर्यंत स्वतः आमच्यापुढं चालत आला, दुसऱ्या शिपायांना हातानं बाजूला करत. "बाळंतीण हाय, वाट द्या."

इस्पितळाच्या दारात एक तरुण डॉक्टर धावत आला. तोवर "बाळंतीण" हा शब्द आमच्यापुढं जाऊन पोचला होता. त्यानं विचारलं, "कितवा महिना?"

"आठवं वर्ष," सिस्टर म्हणाल्या.

तो माझ्याकडं बघायला लागला. सिस्टरांनी एका दमात सगळं सांगितलं. कधी सुजली, प्रेशर किती होतं, मूल कितव्या महिन्यात झालं, दर सहा महिन्यांनी पारा किती वर गेला, जबड्यातली कळ, आजचा घाम. शेवटी म्हणाल्या, "हिचा कार्डिओग्राम काढा. काय निघालं नाय तर माझं नाव लिहून घ्या आणि तक्रार करा."

तो चांगला होता, त्यानं वाद घातला नाही. कार्डिओग्रामची पट्टी बाहेर आली. त्याच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "वय काय म्हणालात?"

"बत्तीस."

"नक्की?"

"मीच बाळंतपण केलंय हिचं," सिस्टर म्हणाल्या.

हृदयाच्या पुढच्या भागाला मोठी इजा झालेली होती. यशोदा सहा आठवडे उताणी पडून राहिली. तेव्हा तोच उपचार होता, बाकी फारसं काही नव्हतंच. पण ती वाचली. गिरणीतलं काम सुटलं. पुढं एकदा बायकांच्या मोर्च्यात ती चालायला लागलेली सिस्टरांना दिसली. त्यांनी भर रस्त्यात तिला दंडाला धरून फुटपाथवर उभं केलं.

"चालायचं नाय. उभी राहा आणि ओरड."

"ओरडल्यार हार्टाक तरास होवचो नाय?"

"नाय. गप बसल्यानं जास्त होतो."

संचारबंदी उठल्यावर मी सिस्टरांना म्हटलं की यशोदाचं सगळं आपण वरिष्ठांना सांगायला हवं. त्या म्हणाल्या, सांगायचं काय, एक ओळ लिहायला हवी. घरी जाताना प्रत्येक बाईला आम्ही एक कार्ड देत असू, त्यावर मुलाचं वजन, लशीची तारीख वगैरे. जी बाई सुजली होती, जिचं मूल दिवसांआधी झालं होतं, तिच्या कार्डावर एवढंच लिहायचं: दरवर्षी प्रेशर तपासून घ्या, दम लागला, छाती-जबडा-पाठ दुखली तर कार्ड दाखवा.

प्रसूतिगृहाच्या प्रमुख आम्ही ज्यांना मोठ्या बाई म्हणायचो त्या. कर्तबगार बाई, वाईट मुळीच नव्हत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सिस्टर, तुमचा हेतू कळतो मला. पण पुरावा काय? आणि घाबरवून काय होईल? या बायका आत्ता कुठं घरची सुईण सोडून आपल्याकडं यायला लागल्यात. इथं गेलं की हृदयाचा आजार सांगतात, अशी आवई उठली तर परत घरी बाळंत होतील. आणि घरी मरतील. ते चालेल?"

तेही खरंच होतं. सिस्टर खिडकीशी गेल्या, परत आल्या. "घाबरल्या तर घाबरू दे," म्हणाल्या. "मेल्यावर घाबरत नाय कोणी."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली नाही. सिस्टर स्वतःच लिहायला लागल्या, कार्डाच्या मागच्या बाजूला, शिसपेन्सिलीनं, ठळक अक्षरांत. वर्ष-दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका बाईची सासू ते कार्ड घेऊन भांडायला आली. आमच्या सुनेला रोगी ठरवता काय, तिला दुसरं मूल व्हायचंय अजून. चौकशी झाली. मला बोलावलं. टेबलावर पंधरा-वीस कार्डं मांडली होती.

"डॉक्टर, हे अक्षर कुणाचं?"

"नाताल सिस्टरांचं," मी म्हटलं.

"तुम्ही लिहायला सांगितलं होतं?"

"नाही."

"ठीक आहे. जा."

मी गेले. मी खोटं बोलले नव्हते. पण यशोदाच्या हातगाडीला माझाही हात लागला होता, ती पट्टी मीही पाहिली होती. ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, आणि नोकरी पक्की व्हायला माझे दोन महिने उरले होते.

सिस्टरांची बदली वडाळ्याला झाली, मिठागरांच्या बाजूच्या एका छोट्या दवाखान्यात. निघताना त्यांनी कपाट रिकामं केलं, बूट पिशवीत घातले, यंत्राच्या पेटीला दोरी बांधली. मी दारात उभी होते.

"सिस्टर, मी फक्त खरं तेच..."

"खरंच सांगितलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. रागाचा लवलेश नव्हता, तेच जास्त लागलं. "पण अर्धंच."

नंतर मी त्या ओळी लिहायला लागले. आधी चोरून, आणि मोठ्या बाई निवृत्त झाल्यावर उघडपणे. पण तोवर बराच काळ मधे गेला होता.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, महाराष्ट्र झाला त्या दिवशी. लालबाग फुलांनी, पताकांनी, कमानींनी भरून गेलं होतं. लेझीम, ढोल, गुलाल. माणसं शिवाजी पार्काकडं लोटत होती. मी आणि माझे यजमान त्या गर्दीतच होतो. समोरून, सगळ्यांच्या उलट दिशेनं, नाताल सिस्टर येताना दिसल्या. केस पांढरे झाले होते. चाल तीच.

"सिस्टर! आज कुठं निघालात?"

"आज सुट्टी," त्या म्हणाल्या, जणू आम्ही कालच भेटलो होतो. "सगळ्या घरी गावतील. चला येताय तर."

यजमानांना पुढं जायला सांगून मी त्यांच्याबरोबर गेले. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली खोली. चार वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं कुटुंब. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताज्या फुलांचा हार. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती. सिस्टरांना बघून तिचा हात थांबला.

"हिरा कुठंय?" सिस्टरांनी विचारलं.

"हिरा ऱ्हायली न्हाई बाई," म्हातारी म्हणाली. "होळीच्या आधी गेली."

बाहेर ढोल वाजत होते. सिस्टर जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या.

"काय झालं होतं?"

"काय सुदीक न्हाई. पंधरा दिस दम लागायचा. डाक्टर म्हनला, अशक्तपना. कळशी घिऊन वर आली, उंबऱ्यात बसली ती बसलीच. तेहतीस वर्साची व्हती माजी सून."

"मी दिवाळीत येणार होते," सिस्टर म्हणाल्या. "आधी दर वेळी यायचे. वडाळ्याहून जमलं नाय मला."

हे त्यांनी म्हातारीला सांगितलं. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी गॅलरीचा कठडा धरून उभी होते.

आतून एक मुलगी बाहेर आली. नऊएक वर्षांची, नवा फ्रॉक, हातात कागदाचा झेंडा, निघायच्या घाईत. म्हातारी म्हणाली, "ही तिचीच. सुमन. ही पोटात असताना हिराला झटके आलं व्हतं, तुमीच तर व्हता."

सिस्टर मुलीपुढं गुडघ्यांवर बसल्या. मग म्हातारीला म्हणाल्या, "आजी, ही मोठी होईल, लग्न होईल, पोटुशी राहील. तेव्हा डाक्टरला सांगा, हिची आई कशानं गेली. विसरू नका."

"मी कुटली ऱ्हातेय तवर, बाई?"

"मग हिचा बाप?"

"त्यो काय सांगनार? बाप्यास्नी ह्यातलं काय कळतंय?"

सिस्टरांनी सुमनचे दोन्ही हात धरले. झेंडा चुरगळला.

"शाळेत जातेस ना? पाठ करतेस ना? मी सांगते ते पाठ कर. म्हण: मी पोटात असताना माझ्या आईला झटके आले होते."

मुलीनं आजीकडं पाहिलं. मग हळू आवाजात तेवढं म्हटलं.

"माझी आई तेहतिसाव्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं गेली," सिस्टरांनी पुढचं सांगितलं.

"माझी आई," सुमन म्हणाली आणि थांबली.

"म्हण."

"माझी आई तेहतिसाव्या वर्षी... दुखण्यानं गेली."

"हृदयाच्या."

"हृदयाच्या दुखण्यानं गेली."

"पुन्हा. पहिल्यापासून."

"अवो बाई, सनाचा दिस हाय," म्हातारी कळवळून म्हणाली. "पोरीला कशापायी..."

"पुन्हा," सिस्टर म्हणाल्या.

सुमननं तिसऱ्यांदा सगळं म्हटलं. या वेळी न अडखळता, पाढे म्हणतात तशा चालीत. खाली कुणीतरी महाराष्ट्राचा जयजयकार केला आणि सगळी चाळ त्यात मिसळली. सिस्टरांनी तिचा झेंडा नीट उलगडून तिच्या हातात दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि त्या जिना उतरायला लागल्या.

मी गॅलरीतून खाली पाहिलं. सगळा रस्ता एका दिशेनं चालला होता. त्यात एकच पांढरी साडी उलटी, खांद्यांनी वाट काढत, पुढच्या चाळीकडं. मी हाक मारली, दोनदा. ढोलांच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही, किंवा ऐकू जाऊनही त्या थांबल्या नाहीत. गुलालाचा एक लोट वर आला. तो खाली बसला तेव्हा रस्त्यावर नुसतीच गर्दी होती.